दिवाळीआधीची मेघना

केदारने फ्लॉपी आत सारली. मागे मेघनाचे आईवडील आणि केदारची आई अनवाणी उभे होते. हैदराबादेत दिलसुखनगरच्या त्या कॉम्प्युटर क्लासात चपला दाराबाहेर काढाव्या लागत. मशीनला धूळ सोसत नाही म्हणे.

मुलगी बघायचा कार्यक्रम खरं तर विद्यानगरला मेघनाच्या घरी होता. पण केदारने पुण्याहून मेघनासाठी एक प्रोग्रॅम आणला होता आणि घरी कॉम्प्युटर नव्हता. मेघना या क्लासात सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायची. म्हणून चहा अर्धा टाकून सगळी मंडळी रिक्षांतून इकडे आली.

“परवाच लिहिला, ऑफिसात,” केदार म्हणाला. “जुना कंपायलर आम्ही दिवाळीतच काढून टाकला. आता सगळं नव्यावर.”

पडद्यावर पाकळी पाकळी करत कमळ उमललं. मधोमध मेघनाचं नाव आलं.

“क्या बात है, जावईबापू,” मेघनाचे वडील, वसंतराव, बोलून गेले.

प्रमिलाबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं. “जरा हल्लू घ्या. अजून कशाचे जावई?”

मेघना कमळाकडे पाहतच नव्हती. खाली कोपऱ्यात कंपायलरचा, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आकडा होता. हौशी लोक तो मुद्दाम पडद्यावर दाखवतात. प्रोग्रॅममध्ये त्याची नुसती जागा सोडायची. प्रोग्रॅम बनवताना कंपायलर स्वतःच तिथे आपल्या आवृत्तीचा आकडा भरतो. मग फ्लॉपी कुठेही न्या, तो बदलत नाही. आणि हा आकडा जुन्या कंपायलरचा होता.

आधीच्या स्थळाने नोकरीची थाप मारली होती. पुन्हा थापाड्या नको, असं मेघनाने घरी बजावलं होतं.

“हा दिवाळीआधीचा आहे,” ती म्हणाली. “नावासकट. नाव परवा घातलं असतं, तर आकडा नव्याचा आला असता.”

केदारचे कान लाल झाले.

“मग दिवाळीआधीची मेघना कोण?”

वसंतराव गुपचूप दाराकडे चपला शोधायला निघाले. केदार कीबोर्डची अक्षरं वाचत राहिला. शेवटी त्याच्या आई, सुलभाबाई, खुर्ची ओढून बसल्या.

“तूच गं,” त्या म्हणाल्या. “गेल्या श्रावणात तुझा फोटो आला, तेव्हाच यानं हे कमळ काढलं. मला हैदराबादची सून नको होती. तुमच्याकडे आमचं नाव जायच्या आतच, पत्रिका जुळत नाही, असं मीच मध्यस्थांना परस्पर कळवलं. तेव्हापासून हा दुसरी मुलगी बघत नाही. शेवटी मीच नमले, आणि माझा तो नकार तुम्हाला कळू नये म्हणून हा ‘परवा’ म्हणाला.” त्यांनी पदराने घाम पुसला. “आणि खरं सांगू? पत्रिका मी उघडलीसुद्धा नव्हती.”