निळे हात

रोग दिसायच्या आधीच औषध मारायचं, हा दिंडोरीच्या नाथाभाऊंचा द्राक्षबागेतला नेम. देशादेशांच्या भांडणातही ते टपरीवर हेच ठासून सांगायचे: “समोरचा उठायच्या आधीच हाणायचा. वाट कशाला बघायची?” मग खरंच एका देशाने दुसऱ्यावर असेच आधीच बॉम्ब टाकले, आणि ते पडले त्या शहरात नाथाभाऊंची लेक सृष्टी नर्स होती. तीन दिवस तिचा फोन लागेना. चौथ्या दिवशी ते फवारणीसाठी निळं मोरचूद कालवत असताना तिचाच व्हिडिओ कॉल आला. “पप्पा, मी बरी आहे! ह्या आजींनी मला तळघरात घेतलं, स्वतःची भाकर दिली.” सुरकुतलेला चेहरा पडद्यावर हसला. नाथाभाऊ हात जोडायला गेले आणि थबकले. “माय, थांबा, जाऊ नका!” त्यांनी शेजारच्या साध्या पाण्याच्या बादलीत हात घासघासून धुतले. नखांतलं निळं काही जाईना. शेवटी नाथाभाऊंनी तसेच हात जोडले.