वितळण्याआधी

एकटीपुरते शिजवून फ्रीझरमध्ये रचलेले काकूंचे डबे परवा वीज गेल्यावर वितळू लागले, तेव्हा त्यांनी सारा मजलाच जेवायला बोलावला. वीज आली, माणसे पांगली आणि घर पुन्हा खायला उठले.

आज सकाळी त्यांनी फ्रीजचे बटण स्वतःच बंद केले आणि दुपारी समोरच्या वायरमनला हाक मारली. "फ्रीझर बिघडलाय रे, काल नव्याने भरलेले डबे वितळलेत. पुन्हा गोठवलेलं पोटाला बाधतं, जेवायलाच ये."

"आधी दुरुस्त करू की," म्हणत तो हत्यारांची पिशवी घेऊन आला. त्याने बंद बटणाकडे पाहिले. काकूंची नजर जमिनीला खिळली.



पिशवी न उघडताच तो ताटावर बसला. "बिघाड जुना दिसतोय, काकू. अधूनमधून येऊन बघावं लागेल."