ओझेलाच्या घरचं रविवारचं जेवण

"तीन तास झाले, इथंच बसलोय," डीकन टॉलिव्हर म्हणाले. "चर्च बुडवून, रविवारी! आता तरी गाडीत बस, लेम."

गायक आर्लिस किंग बोर्डिंगहाऊसच्या पायरीवर थांबला. हातात सुटकेस होती आणि रात्रीचं गाणं अजून घशात टोचत होतं. पुढच्या गावाची बस निघायला चार तास होते.

"कोण वाट बघतंय म्हणालात?"

"कोण काय विचारतोस? तुझी आई, ओझेला! साखरेनं डोळे नेले, उद्या सकाळी डॉक्टर पाय कापणार. त्यातून उठेन असं तिला वाटत नाही. पोराला एकदा टेबलाशी बसवून जेवू घालायचंय, एवढं एकच मागणं आहे तिचं. अठरा वर्षं झाली. लाज वाटू दे जरा."

गायकानं म्हाताऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सुटकेस मागच्या सीटवर टाकली आणि पुढं येऊन बसला.

टॉलिव्हर आठवडाभर न्हावी आणि रविवारी चर्चचे डीकन, म्हणजे पाद्र्याचे मदतनीस. दोन्हीकडे बोलण्याचंच काम, त्यामुळे मोंटगोमेरी शहर मागं पडेपर्यंत त्यांचं तोंड मिटलं नाही.

"तुझी पहिली रेकॉर्ड माझ्याच दुकानात वाजली. वर फोटो कुणाचा, तर समुद्रावर बसलेल्या गोऱ्या जोडप्याचा! आपल्या काळ्या लोकांचं तोंड दिसलं तर म्हणे दुकानदार माल ठेवत नाहीत. पण आवाज कुठं झाकतील? मी म्हटलं, हा तर आपल्या चर्चमधला लेम! शिकागोला पळाला, कंपनीनं नाव बदललं, दुसरं काय. रेकॉर्ड घेऊन तस्साच ओझेलाकडे गेलो. लोकांचे शर्ट इस्त्री करत होती. पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, 'असेल.' तेव्हापासून सगळ्या गावाचा झालास तू."

गायक खिडकीबाहेर बघत होता. कापसाची वावरं संपत नव्हती.

"तिनं दार उघडलं नाही तर?" त्यानं मधेच विचारलं.

"का नाही उघडणार?"

"चर्चची चाल घ्यायची, देवाच्या नावाच्या जागी बाईचं नाव घालायचं, आणि दारूच्या गुत्त्यात गायचं. असल्या पोराचं तोंड बघणार नाही, असं म्हणाली होती आई."

"ओझेला म्हणाली असं?" डीकननी गाडी हळू केली. "आम्हाला तर कधी बोलली नाही."

अकरा वर्षं गायक गावोगाव गात होता. त्याच्या गाण्यावर अनोळखी बाया रडायच्या, आणि ज्या एका बाईनं ऐकावं असं त्याला वाटे तिनं कधी ऐकलं नव्हतं. पोटात हे दुःख घेऊनच तो रोज बसमध्ये झोपायचा.

ओझेलाचं दार उघडंच होतं. ती खुर्चीत बसली होती, डोक्याला चर्चची टोपी, पायावर चादर. तो समोर गुडघ्यावर बसला. तिनं त्याचं कपाळ चाचपलं, कान चाचपले. मग त्याचे दोन्ही हात घेतले, उलटे केले आणि तळव्यांवरून अंगठा फिरवला. उजव्या तळव्यावर जरा जास्तच वेळ.

"बापाचंच कपाळ आहे की नाही?" डीकन म्हणाले.

"हात गार पडलेत पोराचे," ओझेला म्हणाली. "बसा आधी."

टेबलाशी एक खुर्ची अठरा वर्षं रिकामी होती. तिनं त्याला तिथं बसवलं. पहाटेपासून अंदाजानं, हातानं चाचपत तिनं सगळं रांधलं होतं. तळलेली कोंबडी, पालेभाजी, मक्याचा ब्रेड, भेंडी. गायक खाली मान घालून जेवला. भेंडी त्यानं दोनदा घेतली.

"भेंडी!" डीकन हसले. "अरे, लहानपणी भेंडी दिसली की टेबलाखाली जायचा हा!"

"भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा," ओझेला म्हणाली. "बसमध्ये दिवस काढणाऱ्याची आवडनिवड कोण विचारतंय? वाढा त्याला अजून."

जेवण अंगावर येऊन डीकन बाहेर पोर्चवर पेंगायला गेले. आत दोघंच उरले.

"आई," तो म्हणाला. हा शब्द उच्चारायला त्याला वेळ लागला. "असली गाणी गातो म्हणून रागावलीस?"

ओझेलानं टेबलावर त्याचा हात शोधला.

"रागाच्या भरात आई दार लावून घेते, बाळा. आतून कडी घालत नाही. गा काहीतरी. चर्चमधलं."

त्यानं गायलं. लहानपणचं, नदीपलीकडच्या घराचं. घसा बसलेला होता, वरची पट्टी लागली नाही. मधेच तो रडू लागला आणि रडत रडतच त्यानं शेवटचं कडवं पुरं केलं. ओझेलाचेही डोळे वाहत होते, आणि तिनं ते पुसले नाहीत.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बसची वेळ झाली होती. तो उठला, वाकून त्यानं तिच्या गालावर ओठ टेकले.

तिनं त्याचा उजवा हात सोडला नाही.

"माझा लेम दोन वर्षांचा असताना माझ्या तापल्या इस्त्रीवर त्याचा हात पडला," ती हळूच म्हणाली. "कातडीची सुरकुतलेली पट्टी राहिली होती इथं, तळव्याच्या मधोमध. माझी चूक, म्हणून कुणाला सांगितलं नाही कधी. कुठं आहे तो, देवाला ठाऊक. असेल तिथं त्यालाही कुणी असंच बसवून वाढलं असेल, असं आता वाटतंय. तू पोटभर जेवलास, मी भरून पावले. आता जा, तुझ्या आईच्या दाराला हात लावून बघ."