शेवटची भाकरी

"अक्का, गाडी आली. बाळ्याला सोड आता," दिगंबरनं अंगणातून आईला हाक दिली.

बाळ्या, ओंजळीत मावणारं हे ग्रेट डेन जातीचं पिल्लू, वर्षात वासराएवढं झालं होतं. "कुत्रं न्हवं, घरजावई आणलाईस! माझं पीठ पुरंना," अक्का रोज करवादायच्या. आईचं ऐकून दिगंबरनं मन घट्ट केलं, एक फार्महाऊसवाला शोधला. तोच आज न्यायला आला होता.

बाळ्या मात्र अक्कांच्या मांडीवर मान टाकून पडलेला, आणि अक्का भाकरी थापत होत्या. "पहिली भाकरी गाईची, शेवटची कुत्र्याची. ती खाल्ल्याबिगर त्यो उंबरा ओलांडणार न्हाई."

"मग दे की!"

"ही शेवटची न्हवं."

अक्कांनी परातीत आणखी पीठ ओतलं. टोपली भरली, मांडीला मुंग्या आल्या, हात काही थांबेना. पाहुण्याचा दोनदा चहा झाला. "आजी, शेवटची कधी?"

"पीठ हाय तवर न्हाई."

तो हसला, हात जोडून रिकाम्या गाडीनं परतला. दिगंबर चुलीपाशी आला, तर पिठाचा डबा रिकामा.

"बघतोस काय?" बाळ्याच्या कानावरचं पीठ पुसत अक्का म्हणाल्या, "जा गिरणीवर. घरजावई उपाशी हाय."