बोलकी नळी

हणमंतरावांच्या गळ्याला हरभऱ्याएवढं भोक पाडून बसवलेली बोलकी नळी त्यांच्याच आवाजात म्हणाली, "शेवंता, जेवलीस का?"

शेवंताबाईंनी ओठ आवळले. चाळीस वर्षं 'अगं ए' म्हणून हाका मारणाऱ्या नवऱ्याने हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यांचा मेंदू कधीच विझला होता. बोलत होती ती नुसती नळी.

"आज तिसावा दिवस," डॉक्टर म्हणाले. "तीस दिवस नळीला कुणी उत्तर दिलं नाही, तरच कायद्याने व्हेंटिलेटर काढता येतो. आणखी पाच मिनिटं गप्प राहा, मावशी. सुटतील ते."

"शेवंता, लई दमलीस गं."

शेवंताबाईंचा धीर सुटला. "लई दमले हो," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि फळ्यावरचा तीस पुसून पुन्हा एक लिहिला.