हळदीला नेलेली गिटार
बाबांनी गिटारीची पेटी उघडायला घेतली तशी भाविका दारातच थबकली. पन्नास वर्षांपूर्वीची ती इलेक्ट्रिक गिटार, कंपनीनं मोजक्याच नगांना दिलेल्या फिकट मोरपंखी रंगाची. बाबा तिला कुणाचं बोटही लागू देत नसत. काल मात्र भाविकानं ती न विचारता उरणला मैत्रिणीच्या हळदीत वाजवायला नेली आणि ऐन नाचात कुणीतरी हळदीनं माखलेला पंजा थेट गिटारीवर उमटवला. सकाळी दार लावून तिनं पॉलिशनं गिटार पुढून मागून घासली, पिवळा ठिपकासुद्धा ठेवला नाही. बाबांनी गिटार खिडकीच्या उजेडात धरली. त्यांनी ती उलटी केली, पाठीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग हार घातलेल्या फोटोतल्या आईकडं पाहिलं. “इथं हलदीचं बोट व्हतं गो,” ते पुटपुटले, “आमचे लग्नान तुझे आयशीनं लावलेलं. कुठं गेलं?”