एकुलता

"एकुलता असेल तर सोडू," पोरं न्यायला आलेला तुर्की अंमलदार, आगा, म्हणाला. "थोरला कुठाय?"

चर्चपुढच्या अंगणात निवडलेली पोरं तांबडे अंगरखे घालून उभी होती. सुलतान सुलेमानचा हुकूमच होता तसा: ख्रिस्ती घरांतली धडधाकट पोरं फौजेसाठी इस्तंबूलला न्यायची. नेलेलं पोर तिथं धर्म आणि नाव बदलून तुर्क होई; त्या काळी ते घरी परत येत नसे. विधवा स्टोयनानं धाकट्या गोयकोचं मनगट घट्ट धरलं होतं. त्याच्याही अंगात अंगरखा चढला होता.

मुखिया रादोसाव तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. थोरला वुकाशिन असाच नेला, तेव्हा गोयको रांगत होता. आणि नेलेला भाऊ जिवंत असेतो धाकटा काही एकुलता ठरत नसे.

"आगासाहेब, याला कशाला नेता?" तो मध्येच म्हणाला. "नुसता काटकुळा. भाला दिलात तर त्यालाच टेकून झोपेल."

"तुझी जीभ मात्र धडधाकट आहे, मुखिया. तिलाच नेऊ का?" आगानं दाढीवरून हात फिरवला. "बाई, तुला विचारतोय."

स्टोयना त्याच्याकडे बघत राहिली. बराच वेळ.

"सांग ना. मेला ना तो?"

"मेला," ती म्हणाली.

"त्याच्या नावानं गहू शिजवलेस?"

रादोसाव चपापला. मेलेल्यासाठी चर्चमध्ये शिजवलेले गहू वाटतात, हे या तुर्काला कुणी सांगितलं? आणि स्टोयनानं ते कधीच शिजवले नव्हते. बायका टोमणे मारायच्या, "हिचा सुलतानाच्या पंगतीला बसलाय, ही कशाला शिजवतेय!"

"नाही. हात धजला नाही."

"येत्या शनिवारी शिजव. गावभर वाट. आणि आत्ता क्रूसावर हात ठेवून सांग. सगळ्यांदेखत."

तिनं हात ठेवला. "माझा वुकाशिन मेला." शब्द साऱ्या अंगणानं ऐकले.

आगानं गोयकोच्या अंगातला अंगरखा स्वतःच्या हातानं उतरवला आणि मागं न बघता घोड्यावर बसला. रडारड मागं टाकून पोरांची रांग उताराला लागली.

"अगं, देवासमोर खोटं बोललीस!" रादोसाव कुजबुजला. "वुकाशिन कुठं जिवंत असला तर?"

"आहे की जिवंत." वळणावर दिसेनाशा होणाऱ्या आगाच्या घोड्यावरून तिची नजर हलली नाही. "एवढ्या वर्षांनी लेकरानं तोंड उघडून काही मागितलं, रादोसाव. नाही कसं म्हणू?"